जुना द्राक्षारस : स्पेनमधील एका घराण्याच्या तळघरात

जुना द्राक्षारस नव्यापेक्षा सरस, ही समजूत आपल्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशूने नवा द्राक्षारस आणि जुने बुधले यांचा दाखला दिला आहे व शेवटी जुन्याची चव लागलेल्याला नवा रुचत नाही, असेही सुचविले आहे. त्यामुळे म्हणा किंवा गोव्याकडून आलेल्या चालीमुळे म्हणा, कपाटाच्या मागच्या खणात फडक्यात गुंडाळलेली एखादी बाटली पुष्कळ घरांत असते. नाताळात तिच्यातला घोटभर पाहुण्याला, बाळंतिणीला चमचाभर, अशक्त म्हाताऱ्या माणसाला पेलाभर. बाटली जितकी जुनी तितकी औषधी, असा हिशेब. प्रत्यक्षात मात्र बूच काढल्यावर पुष्कळदा नाकात शिरतो तो शिरक्याचा वास!

एके ठिकाणी चाळीस वर्षे ठेवलेला रस उत्तम निघतो आणि आपल्याकडे दोन पावसाळ्यांत तो बिघडतो, हे का? आणि मुरलेल्या लाल द्राक्षारसात औषधी गुण खरोखरच वाढतात का? या दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतील तर उत्तर स्पेनमधील आरो या गावी असलेला लोपेस दे एरेदिया घराण्याचा कारखाना पाहावा. (नावाच्या आरंभी 'ह' लिहितात, पण स्पॅनिश लोक तो उच्चारत नाहीत.) १८७७ पासून तो एकाच घराण्याकडे आहे आणि आज चौथी पिढी काम पाहते. मुरविण्याची कामे तेथे अजून बरीचशी हातांनी चालतात, म्हणून पाहुण्याला ती डोळ्यांनी पाहता येतात. आधी वेळ ठरवून गेल्यास कारखाना दाखवितात व शेवटी चवही घ्यायला देतात.

आरो हे रिओखा प्रांतातले, एब्रो नदीकाठचे गाव. उत्तरेला डोंगरांची रांग असल्याने समुद्रावरून येणारा गारठा आणि पाऊस बराच अडतो. थंडीत वेली पानझड होऊन झोपतात, वसंतात फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. आपल्या दख्खनात वेलीला अशी झोप मिळत नाही. म्हणून आपल्याला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून तिला वेळापत्रकात बसवावे लागते. तिकडे एकच छाटणी, एकच पीक. जुन्या बागांत मांडवही नसतो. कमरेपेक्षा बुटकी खोडे आणि त्यांवर पेल्यासारख्या उभ्या फांद्या, एवढेच.

प्रांत भाविकांचा आहे. जवळच सान मियान दे ला कोगोया येथे दोन प्राचीन मठ आहेत. स्पॅनिश भाषेतले अगदी सुरुवातीचे लिखित शब्द जेथे सापडले त्या स्थळांत त्यांची गणना होते आणि १९९७ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. तेराव्या शतकात तेथे गोन्सालो दे बेर्सेओ नावाचा धर्मगुरू-कवी होऊन गेला. संतचरित्राच्या पद्यरचनेबद्दल पेलाभर चांगला द्राक्षारस मिळाला तर मोबदला पुरेसा आहे, असे त्याने गमतीने नमूद करून ठेवले आहे. दरवर्षी २९ जूनला, संत पेत्राच्या सणादिवशी, आरोचे लोक बिलिबिओच्या कड्यावरील संत फेलिसेसच्या देवळाकडे जातात. तेथे मिस्सा होते आणि नंतर सारे जण एकमेकांवर तांबडा द्राक्षारस उडवतात. आपल्याकडची रंगपंचमी आठवावी. इतका रस वाया घालवणे मला काही पटत नाही, पण सण त्यांचा आहे.

आता कारखान्याचा जन्म एका किडीमुळे कसा झाला, ते पाहू. शेतकऱ्यांना ही हकिगत अधिक आवडेल. १८६० नंतर फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा नावाची, माव्याच्या जातीची बारीक कीड अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर शिरली. ती मुळांतला रस शोषते. मुळे कुजतात आणि वरचा वेल दोन-चार वर्षांत वाळतो. फ्रान्सच्या बागाच्या बागा उजाड झाल्या. बोर्दोचे व्यापारी माल शोधत डोंगरापलीकडे स्पेनमध्ये आले. आरो गावाला नुकतीच रेल्वे मिळाली होती, म्हणून स्टेशनाभोवतीच त्यांनी वखारी थाटल्या. दोनशे पंचवीस लिटरच्या ओकच्या पिपात रस मुरविण्याची बोर्दोची रीतही त्यांच्याबरोबरच आली. राफाएल लोपेस दे एरेदिया याने हीच रीत उचलून स्टेशनाजवळ आपला कारखाना काढला. त्या पेठेत आज द्राक्षारसाची अनेक जुनी घराणी शेजारी शेजारी नांदतात.

पण कीड फ्रान्समध्ये थांबली नाही. १८९९ च्या सुमारास ती रिओखातही पोहोचली आणि तेथील बागाही गेल्या. औषध फवारून हा रोग बरा होत नव्हता. उपाय सापडला तो कलमाचा. अमेरिकन जातींची मुळे या किडीला दाद देत नाहीत. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर युरोपीय वाणाचा डोळा. आज युरोपातील बहुतेक सगळा द्राक्षारस अशा कलमी वेलींचा आहे. तासगाव, अथणी, विजापूरकडच्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. त्याचा वेल डॉगरिज खुंटावरच उभा असतो, आणि डॉगरिज हाही मूळचा अमेरिकन. फरक एवढाच की आपण तो घेतला पाण्याच्या तुटवड्यासाठी आणि क्षारांच्या जमिनीसाठी.

सगळ्या बागा उपटून पुन्हा लावण्याच्या त्या पडत्या काळात, १९१३-१४ साली, राफाएलने एब्रोच्या वळणावरची एक मोठी जमीन घेऊन तेथे कलमी बाग उभी केली. तिचे नाव तोंदोनिया. सुमारे शंभर हेक्टर, म्हणजे अडीचशे एकरांच्या आसपासची ही बाग तीन बाजूंनी नदीने वेढलेली आहे. घराण्याचा सर्वांत नामांकित द्राक्षारस हिच्याच नावाने विकला जातो. त्याशिवाय आणखी तीन बागा आहेत. बागांना आणि तळघरांना वाटणीची कात्री लागली नाही. भावंडे मिळून एकच व्यवहार पाहतात. आपल्याकडे चौथ्या पिढीपर्यंत त्या अडीचशे एकरांत किती बांध पडले असते, ते वाचकांनीच मोजावे. आणि दहा-दहा वर्षे माल न विकता तळघरात ठेवण्याचे धाडस तुकड्या-तुकड्यांच्या मालकीत कोणाला परवडले असते?

दारातून आत शिरले की पहिल्याने लागतात ती आंबवण्याची मोठाली लाकडी पिंपे. त्यांतली कित्येक कारखान्याच्या सुरुवातीच्या काळातली असून अजून वापरात आहेत. तेम्प्रानियो ही मुख्य काळी द्राक्षे. तोंदोनियाच्या लाल रसात सुमारे तीन हिस्से तीच आणि उरलेल्यात गार्नाचा, ग्रासियानो व मासुएलो या जाती असतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढराच असतो. रंग असतो सालीत. म्हणून लाल द्राक्षारस करताना रस सालींसह आंबवतात. सालींतून रंग येतो आणि सालींतून व बियांतून तुरट द्रव्य येते. या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात. हिरडा, कच्ची सुपारी, जांभळाची बी चघळल्यावर तोंड आवळल्यासारखे होते, ते याच जातीच्या द्रव्याने. मुरण्याची सगळी गोष्ट या टॅनिनभोवती फिरते, म्हणून नाव लक्षात असू द्यावे.

पुढच्या दालनात सुतार पिंपे बांधताना दिसतात. विकतची पिंपे न घेता स्वतःच्या कारखान्यात ती बांधणारी आणि डागडुजी करणारी घराणी आता थोडीच उरली आहेत. लाकूड अमेरिकेतील ॲपलेशियन डोंगरांतील ओकचे. ते उघड्यावर ऊन-पाऊस खात वाळवतात, मग फळ्या तासून, आत विस्तव पेटवून, ऊब देत देत वाकवतात आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. खिळा नाही, डिंक नाही. जुन्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसविणारा लोहार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या कामातली अचूकता कळेल. अशी बारा हजारांहून अधिक पिंपे या घराण्याकडे आहेत. नव्या ओकच्या पिपातून रसात व्हॅनिला, खोबरे यांसारखा वास उतरतो. या घराला तो फार नको असतो, म्हणून पिंपे वर्षानुवर्षे दुरुस्त करून वापरतात. मग पिपाचे काम काय? श्वास. लाकडाच्या छिद्रांतून अगदी थोडी हवा आत जाते आणि तेवढीच हवी असते.

आता मुरणे म्हणजे काय ते सांगता येईल. ताज्या लाल रसात रंगद्रव्य आणि टॅनिन सुटे सुटे असतात. म्हणून रंग जांभळट आणि चव घसा धरणारी. थोड्या थोड्या हवेच्या साहाय्याने ही द्रव्ये हळूहळू एकमेकांना जोडली जातात, त्यांच्या साखळ्या लांबतात, जड होतात आणि काही तळाशी बसतात. तुरटपणा मऊ होतो, रंग जांभळ्यावरून माणकासारखा आणि पुढे विटकरी होत जातो. आंबटपणा मात्र टिकून राहतो, आणि तो टिकायलाच हवा. कारण आंबटपणा, टॅनिन आणि मद्यार्क हे तिघे मिळून रसाचे रक्षण करतात. ज्या द्राक्षात हे मुळातच कमी, त्याचा रस ठेवून ठेवून चांगला होत नाही, नुसता म्हातारा होतो. जगातील बहुतेक द्राक्षारस एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेला असतो. नुसत्या वर्षांनी काही होत नाही. लोणच्याचेही तसेच नाही का? कैरी कडक आणि मीठ बेताचे असेल तर मुरते, नाहीतर बुरशी येते.

हवा थोडी हवी असे म्हटले, जास्त झाली तर घात होतो. हवेबरोबर शिरक्याचे जंतू फोफावतात आणि मद्यार्काचा शिरका करून टाकतात. लाकडातून रस सतत थोडा थोडा उडून जातो, पिपात पोकळी होते. म्हणून ठरावीक काळाने त्याच जातीचा रस ओतून पिंप काठोकाठ भरतात. शिवाय वर्षातून दोन वेळा रस एका पिपातून दुसऱ्यात हाताने काढतात, म्हणजे तळाचा साका मागे राहतो. रिकाम्या पिपात गंधकाची वात जाळण्याची जुनी रीत आहे, जंतू मारण्यासाठी. शेवटी रस निवळण्यासाठी ताज्या अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात. हे ऐकून पुष्कळांना किळस येते, पण कारण साधे आहे. तुरट वस्तूने तोंड कोरडे पडते ते टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते म्हणून. पांढऱ्या बलकातही प्रथिनेच असतात. टॅनिन त्यांना धरते आणि दोघे मिळून तळाशी जातात. वरचा रस नितळ. उरलेल्या पिवळ्या बलकांचे काय करायचे, या प्रश्नातूनच पोर्तुगाल-स्पेनमधल्या मठांतील मिठाया निघाल्या असे सांगतात. गोव्याच्या बेबिंकेत बलकांची लयलूट असते, तिचे गोत्रही तेच असावे.

रिओखाच्या नियमांप्रमाणे 'रेसेर्वा' म्हणवून घेण्यासाठी लाल रस एकूण तीन वर्षे मुरलेला लागतो, त्यांतले निदान एक वर्ष पिपात. 'ग्रान रेसेर्वा'साठी पाच वर्षे, निदान दोन पिपात. लोपेस दे एरेदियांचा तोंदोनिया रेसेर्वा सहा वर्षे पिपात असतो आणि ग्रान रेसेर्वा नऊ-दहा वर्षे. त्यानंतर तो बाटलीत आणखी वर्षे काढतो. ग्रान रेसेर्वा दरसाल करीतच नाहीत, हंगाम उत्तम साधला तरच. १९६४ चा हंगाम रिओखात अजून दंतकथेसारखा सांगितला जातो. २००१ च्या द्राक्षांचा ग्रान रेसेर्वा बाजारात आला तो सुमारे दोन दशकांनी. तोवर पैसा, पिंपे, जागा सारे अडकलेले. कर्जाच्या हप्त्यावर जगणाऱ्याला हे जमण्यासारखे नाही, हे स्पष्टच म्हटलेले बरे. जमते ते अशासाठी, की आजोबांनी ठेवलेला माल नातवंडे विकतात आणि नातवंडांनी ठेवलेला त्यांची नातवंडे.

डोंगराच्या पोटात वालुकाश्म खोदून केलेल्या तळघरात उतरले की गारवा जाणवतो. उन्हाळा असो वा हिवाळा, तेथे हवा थंड, ओलसर आणि जवळजवळ सारखीच असते. काळोख असतो आणि धक्के नाहीत. भिंतींवर काळी बुरशी, छतापासून बाटल्यांपर्यंत कोळिष्टके लोंबतात. पाहुण्यांना ती अस्वच्छता वाटते. घरचे लोक ती मुद्दाम ठेवतात, कारण बुचे पोखरणाऱ्या पतंगांना कोळी खातात. सर्वांत जुन्या बाटल्यांच्या कोपऱ्याला ते लोक 'स्मशानभूमी' म्हणतात. बाटल्या आडव्या असतात. बूच ओले राहते, फुगलेले राहते आणि हवा शिरत नाही. आता आपले कपाट आठवा. मे महिन्यात विजापुरात पारा चाळिशीला, पत्र्याच्या घरात त्याहून वर. बाटली उभी, बूच सुकलेले. उष्णतेने मुरण्याची क्रिया नुसती जलद होत नाही, ती वाकडी जाते. रस शिजल्यासारखा होतो. पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या तळघराच्या थंड भिंतीत आहे.

चव घेण्याची जागा मात्र अगदी आधुनिक आहे. इराकमध्ये जन्मलेल्या विख्यात वास्तुशिल्पी झाहा हदीद यांनी ती बांधली आहे आणि तिच्या पोटात १९१० सालच्या ब्रुसेल्स प्रदर्शनासाठी केलेला घराण्याचा जुना लाकडी मंडप दुरुस्त करून बसविला आहे. चव घेण्याचा क्रम सर्वत्र कोवळ्याकडून जुन्याकडे असा असतो. पेला तिसऱ्या हिश्शाहून कमी भरतात. तो पांढऱ्या कापडावर तिरपा धरून कडेचा रंग पाहायचा : कोवळ्या रसाची कड जांभळी, जुन्याची कौलासारखी, फार जुन्याची चहासारखी. मग पेला गोल फिरवून वास घ्यायचा. कोवळ्यात ताज्या फळांचा वास ठळक. जुन्यात सुकी अंजिरे, चामडे, तंबाखूची पाने, पहिल्या पावसानंतरचा पालापाचोळा. हे ऐकून हसू येते, पण आपला शेतकरी खळ्यावर जोंधळ्याची मूठ नाकाशी नेऊन तो कोठाराला योग्य की नाही ते सांगतो, तीच ही विद्या. शेवटी लहान घोट, तोंडात घोळवून. प्रथम आंबटपणा जाणवतो, तुरटपणा मागून हलकेच येतो आणि गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते. जुन्या बाटलीतला साका पेल्यात येऊ नये म्हणून ती एक दिवस आधी उभी करून ठेवतात आणि मानेमागे उजेड धरून सावकाश ओततात. अनुभवी परीक्षक चव घेऊन रस चक्क थुंकून टाकतात. त्यासाठी भांडे ठेवलेले असते. दिवसाला वीस-तीस नमुने तपासणाऱ्याला डोके शाबूत ठेवायचे तर दुसरा मार्ग नाही.

या थुंकण्यातच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. मुरल्याने तुरटपणा जातो, रंग बदलतो, वास फुलतो. मद्यार्क जात नाही. तोंदोनियात तो शेकडा साडेबारा-तेरा असतो. दीडशे मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे पंधरा ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो, मग रस दोन वर्षांचा असो की पन्नास. यकृताला वर्ष वाचता येत नाही.

'रक्त वाढते' ही समजूत बहुधा लाल रंगामुळे पडली असावी. लाल द्राक्षारसात लोह असते, पण पेलाभरात एक मिलिग्रॅमही नाही. आणि त्यातले टॅनिन जेवणातले लोह शरीरात शोषले जाण्याच्या आड येते. चहाही हेच करतो. बाळंतिणीला किंवा पांढऱ्या पडलेल्या मुलीला रक्त हवे असेल तर अळीव, हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, मासे-मटण, कलेजी आणि सोबत लिंबाची फोड द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत. गरोदरपणात मद्यार्काचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातून तो बाळाला पोहोचतो. म्हणून तो 'चमचाभर' बंदच झालेला बरा. सुईणीने किंवा आजीने कितीही प्रेमाने पुढे केला तरी.

हृदयाची गोष्ट जरा वेगळी आहे. १९९० नंतरच्या वर्षांत फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात, ते लाल द्राक्षारसामुळे, अशी बातमी जगभर पसरली. सालीतल्या रेस्व्हेराट्रॉल नावाच्या द्रव्याला श्रेय देण्यात आले. पुढे तपासता असे दिसले, की ते द्रव्य लिटरमागे काही मिलिग्रॅमच असते आणि प्रयोगात वापरलेल्या मात्रा त्याच्या कित्येक पटींनी मोठ्या होत्या. शिवाय मोजका द्राक्षारस पिणारे लोक बहुधा खाऊन-पिऊन सुखी, औषधपाणी वेळेवर करणारे असतात. त्यांच्या प्रकृतीचे श्रेय पेल्याला देणे बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्ये कर्करोगकारक ठरविली, आणि २०२३ च्या जानेवारीत संघटनेने निक्षून सांगितले, की मद्यार्काचे प्रकृतीला निर्धोक असे कोणतेच प्रमाण नाही. सालीतले गुण हवे असतील तर काळी द्राक्षे सालीसकट खावीत. बागायतदाराचेही त्यात भले आहे.

येथे कोणीतरी संत पौलाचे नाव हमखास काढतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने त्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले आहे, हे खरे. पण त्या काळी तुंबलेल्या हौदाचे पाणी प्यावे लागे आणि पोटाच्या विकारावर औषधे नव्हती. आपल्याकडे पाणी उकळता येते. पौलाचा आधार घेऊन रोज संध्याकाळी बाटली उघडणारे त्याच पत्रातील मद्यपी नसावे हा धर्माध्यक्षांविषयीचा नियम मात्र क्वचितच सांगतात. मधुमेहाची, क्षयाची, झोपेची किंवा फिटची औषधे चालू असणाऱ्यांनी नाताळचा घोटही डॉक्टरांना विचारून घ्यावा. ज्यांची बाटली सुटली आहे अशांना तर आग्रह करूच नये. त्यांच्या घरी पाहुणे म्हणून जाताना बाटली नेणे हा पाहुणचार नव्हे.

मिस्साच्या द्राक्षारसाविषयी एक व्यवहाराची सूचना. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या ९२४ व्या कलमाप्रमाणे तो द्राक्षांपासूनच झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा लागतो. शिरका झालेला रस चालत नाही. लहान वाडीवस्तीवरच्या चॅपेलात जेथे महिन्यातून एकदाच मिस्सा होते, तेथे उघडलेली बाटली तशीच राहते आणि तिच्यात हवा असते. मोठी बाटली फोडण्यापेक्षा लहान घ्यावी, उघडल्यावर थंड जागी ठेवावी, आणि वेदीवर नेण्यापूर्वी सेवकाने वास घेऊन पाहावा.

राहिला नाताळसाठी घरी केला जाणारा रस. आपण तो बहुधा खाण्याच्या द्राक्षांचा करतो. त्यात टॅनिन कमी आणि आंबटपणा बेताचा, वर साखर घातलेली. तेव्हा तो मुरण्याजोगा नसतोच. महिना-दोन महिन्यांत संपवायचा पदार्थ आहे तो. तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात तो करू नये, आंबटाने धातू सुटतो. चिनी मातीची बरणी किंवा काच उत्तम. आंबत असताना तोंड घट्ट बंद करू नये. वायू साठून बरणी फुटते आणि काचा डोळ्यांत गेल्याचे प्रकार घडतात. आंबणे थांबल्यावर मात्र उलट : गाळलेला रस बाटलीच्या गळ्यापर्यंत भरावा, पोकळी ठेवू नये, बूच घट्ट बसवून बाटली आडवी, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी. आरोच्या तळघरातली रीत इतपत आपल्या घरात चालते. त्यावर बुरशी दिसली तर तो फेकून द्यावा. नुसता आंबट झाला असेल आणि वास स्वच्छ शिरक्याचा असेल, तर फडक्याने तोंड बांधून आणखी काही आठवडे ठेवावा. डुकराच्या मटणाला आणि लोणच्याला तो विकतच्यापेक्षा चांगला लागतो.